साहेबांचा मोबाइल नंबर

गावात नळाला पाणी नव्हतं आणि नगरपालिकेच्या वेबसाइटवरचा नंबर लावला, की भलताच माणूस फोन उचलायचा. संगणक विभागातल्या मुक्ता आरेकरला सकाळपासून चैन पडत नव्हतं. पाणीखात्याचा नंबर पानोपानी वेगवेगळा चिकटवलेला. एक पान दुरुस्त करावं, तर दुसरीकडे जुना हजर! शेवटी ती उठली आणि पाणीखात्याचे प्रमुख खानविलकर यांच्या केबिनमध्ये शिरली.

"साहेब, नंबर एकाच जागी ठेवू. सगळी पानं तिथूनच घेतील. तिथे बदलला, की सगळीकडे बदलेल."

"नसते उद्योग नकोत," साहेब गुरकावले. "माझं नाव, माझा मोबाइल नंबर, खाली माझी सही. तो कागद स्कॅन करून प्रत्येक पानावर चढवा. खातं कोण चालवतं ते गावाला कळू दे!"

"चढवते. त्याआधी जुन्या नंबरवर एक फोन लावू?" मुक्ताने स्पीकर चालू केला.

पलीकडून कावलेला आवाज आला, "अहो, मला रिटायर होऊन कितीतरी वर्षं झाली! नातवाच्या मुंजीतसुद्धा लोक माझ्याकडे पाणी मागत होते. हा गद्रे मेला असं समजा, पण फोन ठेवा!"

गद्रे म्हणजे खानविलकरांच्या आधीचे खातेप्रमुख. आणि दिवाळीनंतर खानविलकरही निवृत्त होणार होते.

"मग चढवू ना तुमचा कागद?" मुक्ताने नम्रपणे विचारलं. "निवृत्तीनंतर घरी करमेल की नाही, ही काळजी तरी मिटेल."

सहीसाठी उघडलेल्या पेनाला साहेबांनी टोपण लावलं. "बसा, आरेकरबाई. ती एकच जागा कुठे म्हणालात?"