पारखीचा ओटा

पेठेच्या मधोमध हा काळ्या दगडाचा ओटा दिसतो ना, पाहुणे, याला पारखीचा ओटा म्हणतात. बाजारच्या दिवशी इथे पाय ठेवायला जागा नसते, तरी या ओट्यावर कुणी दुकान मांडत नाही. जुनी माणसं सांगत आली तसं सांगतो.

फार पूर्वी मागच्या गढीत टांकसाळ होती. तिथल्या रुपयावर चंद्रकोर असे. नरसोबा पोतदार या ओट्यावर बसून नाणी पारखायचा. कड चाचपायची, ठसा न्याहाळायचा, दगडावर वाजवायचं आणि निकाल द्यायचा. त्याच्या शब्दापुढे कुणी जात नसे, म्हणे.

एका बाजारी म्हाकू सणगर, घोंगडी विणणारा, रुपया घेऊन आला. त्यावर एकाऐवजी दोन चंद्रकोरी होत्या, एकीच्या अंगावर दुसरी सरकलेली. नरसोबाने पाहताक्षणी सांगितलं, "खोटा आहे."

"मालक, घोंगडी टांकसाळीतच विकली. त्यांनीच दिलाय," म्हाकू म्हणाला.

मग नरसोबाने रुपया तोलला. वजन पुरं भरलं. वाजवला, तर आवाज खणखणीत. तिथेच तो चपापला, असं सांगतात. पण भोवती माणसं जमली होती आणि तोंडून शब्द गेला होता. "खोटाच," तो पुन्हा म्हणाला. खोटी नाणी पाडतो म्हणून गढीच्या अंमलदाराने म्हाकूचा उजवा हात तोडायला लावला.

त्यानंतर नरसोबाला अन्न गोड लागेना. तो टांकसाळीत जाऊन बसू लागला. एकदा हातोड्याचा घाव ओझरता बसला आणि चांदीच्या चकतीवर धरलेला ठसा उसळून सरकला. कारागिराने चकती न काढताच दुसरा घाव घातला. नाणं निघालं, त्यावर दोन चंद्रकोरी. ते वितळायला टाकत कारागीर म्हणाला, "होतं असं. एखादं नजरेतून निसटतंही."

नरसोबा तसाच अंमलदाराकडे गेला. अंमलदार म्हणाला, "आता हात परत येणार आहे का? टांकसाळीची अब्रू जाईल. गप्प बस."

पुढच्या बाजारी नरसोबा या ओट्यावर उभा राहिला आणि भर पेठेत म्हणाला, "म्हाकूचा रुपया खरा होता. चूक टांकसाळीची. मला शंका आली होती, तरी मी शब्द मागे घेतला नाही."

त्याचं काम गेलं, घरदार जप्त झालं. तो म्हाकूच्या दारी गेला. मागावर अर्धवट घोंगडं तसंच होतं.

"मला विणायला शिकव," नरसोबा म्हणाला. "तुझा हात म्हणून राबेन."

म्हाकू म्हणाला, "शिकवीन. घर उपाशी आहे म्हणून. माफ केलं असं मात्र समजू नका."

उरलेलं आयुष्य नरसोबा त्या मागावर बसला. म्हाकू सांगे, तो विणे. माफीचा शब्द म्हाकूने अखेरपर्यंत काढला नाही, आणि नरसोबानेही कधी मागितला नाही, म्हणे. त्याच्यामागे ओट्यावर बसायला कुणी पारखी धजला नाही.

आजही या पेठेत कुणी वाकडं, विचित्र नाणं पुढे केलं, तर दुकानदार ते लगेच परत सारत नाही. आधी विचारतो, "कुठून आलं?" आणि समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत ते हातातच धरून ठेवतो.