उण्या कानाचा बैल

ओतवड्याच्या माळावर, भैरोबाच्या देवळासमोर बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, एक बैल उभा आहे. उंचीला वासराएवढा, रंगाला काळाभोर, आणि पोरं बसून बसून पाठीला चांगली चकाकी आलेली. त्याचा डावा कान मात्र मुळाशीच संपतो. दरवर्षी माघात या माळावर लोखंड ओतायचा मेळा भरतो, लांबलांबून शिल्पकार येतात, आणि नवा आलेला माणूस हमखास विचारतो, "कान कुणी तोडला हो?"

देवळाच्या पायरीवर केरबाअण्णा ओतारी बसलेले असतात. वय ऐंशीच्या पुढं, तोंड अजून तिखट. "तोडायला काय झालंय? भरलाच नाही तो. आधी डोळ्यांवरचा गॉगल काढा, मग बघा," असं ते म्हणतात आणि पाहुण्यांना खाली बसवून चिमाक्काची गोष्ट सांगतात.

चार पिढ्यांमागची गोष्ट म्हणे. त्या साली गावात गुरांची बुळकांडी शिरली. गोठेच्या गोठे ओस पडले. ऊस शेतात उभा, पण गुऱ्हाळाचा चरक ओढायला बैल नाही. शेवटी एकच बैल उरला, कोशा, आणि त्यानंही चारा सोडलेला. तेव्हा सगळ्या गावानं भैरोबाला नवस केला, की हा एवढा वाचला तर घराघरातलं बीड ओतून त्याची मूर्त करू, आणि प्रत्येक घर आपल्या हातानं काहीतरी देईल. कोशा वाचला. नुसता वाचला नाही, तर त्या हंगामात सगळ्या गावाचा चरक त्या एकट्यानं ओढला.

आता मूर्त ओतायची तर हैबती ओतारीच हवा. आयुष्यभर पितळेचे देव ओतलेला माणूस, उतारवयात चरकाच्या लाटा, म्हणजे ऊस पिळायचे रूळ, ओतता ओतता बीड शिकलेला. भारी मानी गडी. देवळात नारळ फोडून त्यानं सगळ्यांदेखत शब्द दिला, "एका दमात बैल भरीन. उणा राहिला, तर पळ्याला पुन्हा हात लावणार नाही." पळा म्हणजे वितळलेल्या लोखंडाचा रस ओतायची लांब दांड्याची पळी. ओताऱ्यानं पळा सोडला, तर त्याच्यापाशी उरलं काय?

चिमाक्का ही हैबतीची सून. नवरा, शिदू, दोन वर्षांमागं तापानं गेलेला. पदरात एक लेक. शिदूनं बापाच्या हाताखाली पहिल्यांदा ओतलेला भाकरीचा तवा तेवढा तिच्याजवळ होता. साचा करताना त्याचा अंगठा ओल्या वाळूत रुतला, म्हणून तव्याच्या पाठीवर अंगठ्याचा उंचवटा उमटला. "साच्यात बोटं घालतोस, गाढवा?" म्हणून हैबतीनं तेव्हा त्याला चारचौघांत झापलं होतं. पुढं चिमाक्का तवा घासताना रोज त्या उंचवट्यावर आपला अंगठा ठेवायची, आणि तिला बरं वाटायचं.

ओतायच्या आदल्या दिवशी माळावर ढीग लागला. फुटक्या कढया, चरकाची मोडकी चाकं, वजनं, चुलीच्या जाळ्या. हैबती एकेक जिन्नस तोलून मनात बेरीज करत होता. ओताऱ्याच्या घरानं मागं कसं राहायचं? चिमाक्कानं सगळ्यांसमोर तवा ढिगावर ठेवला. हैबतीनं तो ओळखला. बाकीच्यांसारखाच तोलला, आणि तोही हिशेबात धरला.

सकाळी तिनं शेजारणीची मातीची खापरी आणून लेकीला भाकरी करायला घेतली. अंगठ्याला ओळखीचं काही लागेना. एकाएकी तिला वाटलं, माणूस गेलं तेव्हा निदान तवा तरी होता, आता आज संध्याकाळपासून काहीच नाही. ती तशीच माळावर गेली. भट्टी पेटवण्याआधी गाव कोशाची पूजा करत होतं. सगळे त्याच्याकडं तोंड करून, ढिगाकडं पाठ फिरवून हात जोडून उभे. चिमाक्कानं तवा उचलला आणि पदराआड घेतला. एवढ्या मोठ्या ढिगात एका तव्याचं ते काय, असं तिनं मनाला समजावलं.

भाते चालू झाले, भट्टी लाल झाली, रस आला. साचा खड्ड्यात उजव्या कुशीवर निजवलेला, त्यामुळं डावा कान सगळ्यांत वर. हैबती पळ्यामागून पळा ओतत गेला. पाय भरले, पोट भरलं, शिंगं भरली. आणि कानाच्या तोंडाशी पळा रिकामा झाला.

भट्टीत थेंब नव्हता.

मग कुजबुज सुरू झाली. म्हाताऱ्याची बेरीज चुकली, पितळेचा माणूस तो, बीड कशाला ओतायला गेला? हैबती मान खाली घालून उभा होता. आपलंच चुकलं, असंच त्याला वाटत होतं. ते चिमाक्काला बघवेना. ती पुढं आली, पदराआडून तवा काढला आणि त्याच्यासमोर धरला.

"तुमची बेरीज बरोबर हुती, मामंजी. म्या उचलला."

गाव खवळलं. देवाच्या नवसात चोरी? कुणी ओरडलं, "भट्टी अजून तापलीया, टाका त्यो आत! कान भरंल, शब्दबी ऱ्हाईल." खरंच होतं ते. तवा वितळवला असता, तर हैबतीचा पळा वाचला असता.

हैबतीनं तवा हातात घेतला, उलटा केला. त्याचा अंगठा त्या उंचवट्यावर टेकला, आणि एवढा मानी माणूस सगळ्यांसमोर ढसाढसा रडला. "ह्याच्यापायी पोराला बोललो हुतो मी," म्हणाला. मग तवा त्यानं सुनेच्या हातात परत दिला. "बैलाला एका कानानंबी आपली हाक ऐकू जाईल, पोरी. ह्यो घरी ने."

दिलेला शब्द त्यानं पाळला. पळ्याला पुन्हा हात लावला नाही. पण दुसऱ्या वर्षी चरकाच्या लाटा ओतायची वेळ आली, तेव्हा त्यानं चिमाक्काला पुढं उभं केलं आणि स्वतः हात पाठीशी बांधून शेजारी उभा राहिला. तो सांगायचा, ती ओतायची. गावानं नाकं मुरडली आणि लाटा मुकाट्यानं नेल्या.

पुढं फार वर्षांनी शहरातून एक शिल्पकार कान जोडून द्यायला आला. गावानं त्याला गोष्ट सांगितली. त्यानं साचा बांधलाच नाही, इथंच राहिला, आपले सोबती बोलावले, आणि मेळा सुरू झाला तो असा.

इथं पोचलं की केरबाअण्णा पायरीवरून उठतात आणि पाहुण्यांना घरी जेवायला नेतात. चिमाक्काची ती लेक म्हणजे त्यांची आजी. पाहुण्यांना जेवणात वाढलेली भाकरी कुठल्या तव्यावरची, ते त्यांना सांगावं लागत नाही.

आजही मेळ्यात पहिला पळा गावची सून धरते. आजही शिल्पकार घराघरातून आलेलं बीड माळावर रचतात, आणि भट्टी पेटवण्याआधी लहानथोर सगळे बैलाकडं तोंड करून, ढिगाकडं पाठ फिरवून थोडा वेळ उभे राहतात. ज्याला आपलं काही परत न्यायचं असेल, त्यानं त्या वेळात न्यावं. मागं पावलं वाजतात, कधी लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज येतो. कुणी वळून बघत नाही. मग जेवढं उरेल तेवढंच ओततात, आणि जिथं उणं पडेल तिथं तसंच ठेवतात.