सगुणाच्या मेंढ्या

ज्या राजांची नावेही आता कुणाला आठवत नाहीत, त्यांच्या काळातली ही गोष्ट आहे. एका डोंगराच्या पायथ्याला म्हाळू नावाचा धनगर राहत होता. त्याची बायको ठकू आणि दोघांची एकुलती एक लेक सगुणा.

सगुणा पहिल्यापासून वेगळी होती. बरोबरीच्या पोरी खेळायच्या, तेव्हा ही आजारी मेंढीपाशी बसून राहायची. मेंढी काय खाते, श्वास कसा घेते, कुठे हात लावला की अंग चोरते, सारे बघत राहायची. एकदा त्या वाटेने एक वैद्य चालला होता. नदीपलीकडच्या नगरात त्याची पाठशाळा होती. तो पाणी प्यायला टेकला आणि या पाच वर्षांच्या पोरीने त्याला इतके प्रश्न विचारले, की उठेपर्यंत सावल्या लांबल्या होत्या.

निघताना तो म्हाळूला म्हणाला, "बारा वर्षांची झाली की हिला माझ्याकडे आण. शिकवण्याचं मी काही घेत नाही. पण माझ्या पाठशाळेत धान्य पिकत नाही. शिकेल तितकी वर्षं हिच्या पोटाची सोय तुम्ही करायची."

एवढ्या वर्षांची सोय म्हणजे गरिबापुढे डोंगरच. पण ठकू डगमगली नाही. माहेराहून मिळालेल्या चार मेंढ्या तिने बाजूला काढल्या, त्यांच्या कानांना खाच पाडली आणि म्हणाली, "या सगुणाच्या. यांची लोकर घरात वापरू, नर विकू. पण मादीला हात लावायचा नाही. कितीही नड आली तरी नाही."

चाराच्या सहा झाल्या, सहाच्या नऊ. एका साली लांडग्याने दोन नेल्या. एका साली रोगाने बरीच कोकरे गेली. म्हाळू हिरमुसला की ठकू म्हणायची, "मेंढी हळूच वाढते. आपण मधे लुडबुड केली नाही, म्हणजे झालं." दुष्काळात त्यांनी कंदमुळे उकडून खाल्ली, पण खाचवाल्या मेंढ्या विकल्या नाहीत. सगुणाला बारावे लागले तेव्हा तिच्या वाट्याचा कळप घरच्या कळपाहून मोठा झाला होता. आता एकच वर्ष काढायचे होते.

त्या साली एका लग्नात म्हाळूची मेहुण्याशी गाठ पडली. मेहुण्याचा मुलगा घोड्यावर बसून, सोबत गडी घेऊन शिकायला गेला होता. भरल्या पंगतीत मेहुणा म्हणाला, "दाजी, लेकीला शिकायला धाडणार म्हणे. जाताना मेंढरं हाकत जाणार का?"

पंगत हसली. म्हाळू अर्ध्या ताटावरून उठला.

पुढच्याच बाजारात त्याला घोड्यांचा एक सौदागर भेटला. "दसऱ्याला राजाची फौज निघणार," सौदागर म्हणाला. "आज शिंगरं घे. तेव्हा तिप्पट भाव येईल."

"आणि लढाई झाली नाही तर?"

"राजे लढायचे कधी थांबलेत काय?"

म्हाळूला ते पटले. खरे तर त्याला ते पटवून घ्यायचे होते. सगुणासाठीच करतोय, असे त्याने मनाला सांगितले. पण डोळ्यांपुढे सगुणा नव्हती, मेहुण्याचे तोंड होते. ठकू धाकट्या भावजयीच्या बाळंतपणासाठी माहेरी गेली होती. ती येईपर्यंत थांबावे, एवढे त्याला सुचले. पण थांबला नाही.

ठकू परतली, तेव्हा खाचवाली एकही मेंढी उरली नव्हती. दारात शिंगरे बांधलेली होती.

"सगळ्या विकल्या?" तिने विचारले.

"सगळ्या."

"निम्म्या तरी ठेवायच्या होत्या."

"निम्म्या ठेवल्या असत्या तर नफाही निम्माच झाला असता."

ठकू आत वळली. जात्यावर बसली आणि दळू लागली.

मेंढी डोंगरावर जगते. घोड्याला हरभऱ्याची चंदी लागते. चंदीपायी घरच्या मेंढ्याही एकेक करून गेल्या. म्हाळू रोज मोठ्या रस्त्यावर जाऊन उभा राहायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायचा, "लढाई लागली का?" दसरा जवळ आला, तसा तो डोंगरावरच्या देवाला नवस बोलला, की लढाई लवकर पेटू दे.

दसऱ्याच्या आधीच दवंडी आली. राजाचा शेजारच्या राजाशी तह झाला होता. गावोगाव घंटा वाजल्या. शेजारच्या म्हातारीचा नातू फौजेत होता; ती धावत आली आणि तिने म्हाळूच्या हातावर गुळाचा खडा ठेवला.

"माझा नातू जित्ता परत येतोय रे, म्हाळू."

म्हाळूने गूळ तोंडात टाकला. तो त्याला गोड लागला नाही. आपण काय मागत होतो, ते त्याला तेव्हा कळले आणि त्याला स्वतःचीच भीती वाटली.

बाजारात जिकडेतिकडे घोडेच झाले. सौदागर केव्हाच दुसऱ्या मुलखाला निघून गेला होता. खंगलेल्या शिंगरांच्या बदल्यात म्हाळूच्या हाती थोडी बाजरी आली. ती घरात खायलाच संपली.

सगुणाला बारावे सरत आले, तेव्हा तो एकटाच नदी ओलांडून वैद्याकडे गेला. "दोन-चार वर्षं थांबा," तो हात जोडून म्हणाला. "मी पुन्हा कळप उभा करतो."

वैद्य आता फार थकला होता. "मी थांबेन रे," तो म्हणाला, "पण माझं वय थांबणार नाही. ही माझी शेवटचीच मुलं. यातले दोघे आधीच दुसऱ्यांच्या ताटात जेवतात. तिसऱ्याला काय वाढू?"

म्हाळू घरी आला. सगुणा गाठोडे बांधून दारात उभी होती. तिने बापाच्या तोंडाकडे पाहिले आणि आत जाऊन गाठोडे सोडले.

त्यावरून तिने बापाला कधी एक शब्द ऐकवला नाही. ऐकवला असता, तर म्हाळूला बरे वाटले असते.

वर्षे गेली. ठकू गेली. सगुणाचा हात लागला की आजारी मेंढ्या उठतात, असे लोक म्हणू लागले. ऐन पावसाळ्यात एके दिवशी एक बाई तापाने फणफणलेले मूल घेऊन आली.

सगुणाने मुलाच्या कपाळावर हात ठेवला, छातीला कान लावला. बराच वेळ तशीच राहिली. मग मागे सरकली.

"बाई, मला मेंढरांचं कळतं," ती म्हणाली. "माणसांचं शिकायचं होतं, ते राहून गेलं. याला नदीपलीकडे वैद्याच्या शिष्यांकडे न्या."

बाईने मूल उचलले आणि ती चिखलातून नदीकडे धावली. उंबऱ्यावर म्हातारा म्हाळू बसला होता. त्याने सारे ऐकले.

दुसऱ्या दिवशी ती बाई त्याच वाटेने परत आली. तिच्या हातात मूल नव्हते; नदी ओलांडायच्या आतच ते गेले होते.

सगुणा तिला पाहून घरात गेली आणि तिने दार लोटून घेतले. म्हाळू बाहेरच बसून राहिला. त्याला कुणी आत बोलावले नाही.

लेकराच्या विद्येसाठी राखलेले धन सावकाशच वाढू द्यावे. जो ते एका डावावर लावतो, तो धनाबरोबर लेकराचे आयुष्यही हरतो.