चांगू मेढ्याच्या बारा सुलट मेढी

फार फार वर्षांपूर्वी, सुळ्याचा डोंगर आत्तापेक्षा थोडा उंच होता तेव्हा, त्याच्या पायथ्याच्या वाडीत चांगू नावाचा घर बांधणारा राहायचा. मेढ म्हणजे घराचा खांब. मेढी रोवण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं, म्हणून सगळे त्याला चांगू मेढ्या म्हणायचे. त्याचं एकही घर कधी पडलं नाही, असं म्हणतात. एकदा वारा त्याच्या घरावर आपटला आणि कपाळ चोळत परत गेला, असंही म्हणतात, पण ते वाऱ्याने कबूल केलेलं नाही.

तेव्हाचं घर म्हणजे बारा मेढी, भिंतीला कारवीच्या काठ्यांचा कूड, त्यावर शेणमातीचा लेप आणि वर गवत. खिळा एकही नाही. सगळं पळसाच्या मुळांच्या दोरीने बांधायचं. डोंगरावर जवळपास लाकूड मिळायचं ते पांगाऱ्याचं, आणि पांगारा भलता हौशी. कुठेही रोवा, मूळ धरतो. म्हणून मेढ कायम उलटी रोवायची. शेंडा जमिनीत, बुंधा आभाळाकडे. मग पांगारा गोंधळतो आणि गप्प उभा राहतो. कुठलं टोक कुठलं ते कळावं म्हणून चांगू तोडतानाच बुंध्यावर कोयत्याने खूण करायचा.

वाडीत ठमी नावाची एकटी म्हातारी होती. तिचं झोपडं जळालं. चांगू म्हणाला, "आये, पावसाआधी तुला घर उभं करून देतो." ठमीकडे त्याला द्यायला काहीच नव्हतं, आणि काहीतरी द्यावं असं तिला फार वाटत होतं. म्हणून चांगू भाकरी खायला गेला तेव्हा तिने बाराही मेढी गेरूने रंगवून काढल्या, देवाला रंगवतात तशा.

चांगू परत आला. बघतो तर बारा लालभडक मेढी, आणि खुणा सगळ्या गेरूखाली बुजलेल्या.

"कशा दिसतात रं?" ठमीने विचारलं.

"झ्याक," चांगू म्हणाला.

दुसरं काय म्हणणार? म्हातारीचे हात कोपरापर्यंत लाल झाले होते. आणि चांगू मेढ्याने मेढीचा शेंडा कुठला हे चारचौघांत विचारायचं कसं? त्याने अंदाजाने रोवल्या. बाराच्या बारा चुकला. नुसत्या अंदाजाने इतकं चुकता येत नाही, पण चांगू पडला मोठा कारागीर.

आठव्या दिवशी घराला पालवी फुटली. मग फांद्या आल्या. मग घर वाढायला लागलं. दार आधी गुडघ्याला आलं, मग कमरेला, मग ठमी शिडी लावून घरात जाऊ लागली.

"चांगू," ती वरून सांगायची, "काल मला तुझं छप्पर दिसत होतं. आज छपरावरचा भोपळा दिसतोय. काढून घे, पिकलाय."

वाडी हसून हसून बेजार झाली. "चांगूदा, घराला पाणी घातलंस का?" लोक विचारायचे. चांगू मान खाली घालून जायचा. कारण वाडीचा नियम होता की ज्याने बांधलेलं घर बिघडलं, त्याने आपला कोयता कारभाऱ्याच्या हवाली करायचा आणि पुन्हा मेढ रोवायची नाही. चांगूला दुसरं काहीच येत नव्हतं. भाकरीसुद्धा त्याची चौकोनी व्हायची, असं म्हणतात.

शेवटी गोमा कारभाऱ्याने कोयता मागून घेतला आणि सांगितलं, "हे घर ओढून पाडा. म्हातारी पडली तर कोण जबाबदार?"

ठमीला खाली उतरवलं, घराला जाड दोर बांधला आणि अख्खी वाडी ओढायला लागली. बायकांनी तान्ही पोरं पाठीला बांधून जोर लावला. घर हलेना. गोमाने चांगूलाही हाक मारली, "तूही ये. रोवलंस तू, आता उपट तू." चांगूने डोळे मिटून दोर धरला. घर हलेना. पावसाला सुरुवात झाली तरी कुणी दोर सोडेना, कारण आता सगळे इरेला पडले होते.

तेवढ्यात सुळ्याचा डोंगर खचला.

वरून चिखलाचा लोंढा आला. वाडीतली बाकीची घरं चुलीसकट वाहून गेली. पण माणसं सगळीच्या सगळी दोराला धरून होती. लोंढ्यात ती दोरावर वाळत घातलेल्या धुण्यासारखी फडफडली, आणि ठमीचं घर बारा मुळांवर जागच्या जागी उभं राहिलं. माणूस एकही गेला नाही, असं म्हणतात. एक कोंबडी गेली होती, तीही संध्याकाळी परत आली.

चिखल ओसरला तेव्हा गोमाने कमरेचा कोयता काढला, सदऱ्याला पुसला आणि चांगूपुढे धरला.

"घे. आम्हाला सगळ्यांना मिळून चाळीस घरं लागणार आहेत."

चांगू म्हणाला, "कारभारी, खरं सांगतो. ती चूक झाली होती माझी."

"मग आता चाळीस वेळा चूक," गोमा म्हणाला.

ठमी तेवढ्यात गेरू कालवायला बसली होती.

आजही त्या वाडीत नवं घर झालं की आत राहायला जायच्या आधी सगळी वाडी जमते, घराला दोर बांधते आणि चांगूचं नाव घेऊन ते पाडायला जीव तोडून ओढते. नाही पडलं, तर घरधनीण एकेकाच्या हातावर गूळ ठेवते आणि म्हणते, "ओढलंत, उपकार झाले." आणि पडलं, तर सगळे मिळून त्याच दोराने ते पुन्हा उभं करतात, कारण माणसं जमलेलीच असतात.