राजाचा हुंकार

पूर्वी शीतला नदीकाठच्या वेत्रग्राम नगरात अरिंदम राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वांनी गोष्टी सांगणाऱ्यांच्या कुळात जन्म घेतला. त्या नगराची एक रीत होती. घडलेली गोष्ट सांगताना, ती ज्याने डोळ्यांनी पाहिली त्यानेच हुंकार द्यायचा. हुंकार थांबला की गोष्टही थांबायची.

एका वर्षी मोठा पूर आला. पूर ओसरल्यावर राजाने बोधिसत्त्वांना बोलावले. "वसंतोत्सवात माझी गोष्ट सांग. मी पुरात उडी घेऊन प्रजेला वाचवले, अशी सांग. नाहीतर नगर सोडून जा."

राजाला पोहता येत नाही, हे त्याच्या घोड्यालासुद्धा ठाऊक होते. बोधिसत्त्व तिथून निघाले ते थेट रेवती नावाडिणीकडे गेले. पुरात माणसे काढली होती तिने, आणि त्यातच तिची नाव फुटली होती. त्यांनी तिला सगळे खोदून खोदून विचारले आणि हुंकाराला बोलावले.

"खरं सांगाल तर तुम्हाला घालवतील हो," ती म्हणाली.

"खोटं सांगून राहिलो, तर उद्या माझी गोष्ट ऐकेल कोण, मावशी?"

उत्सवाला सारे नगर जमले.

"पूर आला."

"हूं," रेवती म्हणाली.

"राजा चिंचेच्या झाडावर चढला आणि फांदीला मिठी मारून बसला."

रेवतीने ओठ घट्ट मिटले. राजाची फजिती आपल्या तोंडून व्हावी, हे तिला बरे वाटेना. गोष्ट थांबली. राजाचा चेहरा लालबुंद झाला.

बोधिसत्त्व हात जोडून म्हणाले, "महाराज, हे आपणही डोळ्यांनी पाहिले आहे, हुंकार आपणही देऊ शकता. पुढचा भाग गोड आहे, पण हुंकाराशिवाय मला सांगता येत नाही."

राजाने मान खाली घातली. मग हळूच म्हणाला, "हूं."

"नाव आली. तीत एकाचीच जागा उरली होती. वरच्या फांदीवर एक बाळंतीण होती. राजाची भीतीने बोबडी वळली होती. तरी तो म्हणाला, 'आधी हिला ने.'"

"हूं! अगदी अस्संच म्हणाले!" रेवती ओरडली.

राजा बघतच राहिला. त्याला स्वतःची भीती तेवढी आठवत होती, हे बोलणे तो पार विसरला होता. तो रडता रडता हसू लागला आणि सारे नगर त्याच्याबरोबर हसले. त्याने रेवतीला नवी नाव दिली आणि रोज सकाळी तिच्याकडे पोहायला शिकू लागला. नाकातोंडात पुष्कळ पाणी गेले, पण शिकला. बोधिसत्त्व त्याच नगरात म्हातारे होईपर्यंत गोष्टी सांगत राहिले.

आपल्या पूर्वजन्माची ही कथा भिक्षूंना सांगून शास्ते म्हणाले, "तो राजा म्हणजे काल आपल्या तपाची बढाई मारणारा हा भद्रसेन भिक्षू. रेवती म्हणजे दाराशी बसलेली ही उपासिका. गोष्ट सांगणारा मीच होतो. खरे बोलावे, आणि ज्याच्याविषयी बोलायचे त्याचे भले शोधून बोलावे. यालाच सत्यपारमिता म्हणतात."

भद्रसेनाने खाली घातलेली मान वर केली आणि हसून म्हणाला, "हूं."