काचेवरची किल्ली

धाकट्या भावाच्या, हरिबाच्या फोनवर रिंग म्हणून कोंबडा आरवायचा, तो आवाज अजून माझ्या कानात आहे. घरात तेवढा एकच फोन होता. आमची लेक सुरतेला बाळंत झाली होती, पण सरपंच झालेला हरिबा फोनला हात लावू देईना.

“बोट फिरवून कुलूप लावलंय, वहिनी. उघडलंत तर रोज बोला लेकीशी!”

माझ्या बायकोने आधी त्याला गरम भजी वाढली. खाता खाता त्याने फोन उघडून पाहिला, बंद केला आणि हसत पुढे सरकवला. हिने तो उजेडात तिरपा धरला. काचेवर तेलाची रेघ उमटली होती. तिच्यावरून बोट फिरवताच फोन उघडला.

“कुलूप भक्कम आहे, भाऊजी. फक्त किल्ली दारावर ठेवू नका, काच पुसत जा.”

थोड्याच वेळात फोनमधून बाळाचं रडणं ऐकू आलं. फोन हिच्याच हातात ठेवून हरिबा अंगणात निघून गेला.