घडीची होडी आणि सात गाठी

फार पूर्वी, खाडीवर पूल नव्हता तेव्हा, दोघे भाऊ माणसांना पैलतीरी नेत असत. थोरल्याची होडी आंब्याच्या एकाच खोडातून कोरलेली होती. अरुंद, वेगवान, पण पाय ठेवताच डुलणारी. धाकट्याची होडी घडीची होती. बांबूच्या कामट्यांचा रुंद सांगाडा आणि त्यावर तेल पाजलेले जाड कापड. तीत उभे राहिले तरी ती डुलत नसे. लाट आली की अंग वाकवून तिला वाट देई.

मात्र ही होडी रोज संध्याकाळी गाठी सोडून वाळवावी आणि सकाळी सांगाड्याच्या सातही गाठी नव्याने आवळाव्यात, असा वडिलांचा दंडक होता. प्रत्येक गाठीला देवाचे एक नाव घ्यायचे.

"दादा, तुझ्या होडीत बसायचं तर माणसाला आधी नवस बोलावा लागतो," धाकटा म्हणे.

"हलते, म्हणून माझं लक्ष सुटत नाही," थोरला एवढेच बोले.

वर्ष सरले. धाकट्याची होडी एकदाही डगमगली नाही. तेव्हा त्याने गाठी सोडून ती वाळवणे थांबवले. सकाळी काठावर उभा राहून तो सात नावे घेई. हात गाठींना लागत नसत.

एके दिवशी आई पैलतीरावरच्या देवळात जायला निघाली. वारा वाढला होता.

"आई, माझ्या होडीत बस," थोरला म्हणाला.

"नको रे बाबा. तुझी फार डुलते. मी याच्याबरोबर जाते." मग तिने धाकट्याला विचारले, "गाठी आवळल्यास ना?"

धाकट्याने खाली पाहिले. "सातही नावं घेतली, आई."

ती निर्धास्त बसली.

खाडीच्या मध्यावर मोठी लाट आली. होडी नेहमीसारखी वाकली, आणि गाठींचा कुजलेला सुंभ तुटला. कामट्या निसटल्या. ओले कापड आईभोवती गुंडाळले गेले. मागून येणारा थोरला डुलत्या होडीतून तेथे पोहोचला. त्याच्या हाती भावाचा हात लागला. आईचा लागला नाही.

पुढे काठावर कोणी विचारी, "दोन्हींत स्थिर होडी कोणती?"

धाकटा सांगे, "माझी होती. म्हणून मी तिच्याकडे पाहिलं नाही."

तात्पर्य: जे कधी डगमगले नाही, तेही रोज तपासावे. हातांनी टाळलेले काम देवाचे नाव घेतल्याने पूर्ण होत नाही.